बोलत राहायचं ऑपरेशन

प्रिय दादा,

'पत्रास कारण की' असं लिहून सुरुवात करायची रीत आहे, पण कारण पहिल्याच ओळीत सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. म्हणून कारण शेवटी. आधी हे अक्षर बघ. माझं आहे, उजव्या हाताचं आहे, आणि एकही ओळ तिरकी गेलेली नाही. मागच्या महिन्यात हाच हात मांडीवर नुसता पडून राहिला होता. आता मी ठणठणीत आहे. मानेच्या डाव्या बाजूला कानाखालून खाली उतरणारी एक रेघ आहे, तेवढीच काय ती खूण. ती मी लपवत नाही. कुणी विचारलं तर सगळी हकिगत सांगते, आणि कुणी नाही विचारलं तरी सांगते. मला तू ओळखतोसच.

काल वहिनीचा फोन आला. तू ऑपरेशनला चक्क नाही म्हणालास म्हणे. दादा, माझ्यानंतर तुझीही मान तपासून घ्या म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागले होते, आणि तुझीही मानेतली डावीच रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. खानदानी वारसा म्हणून आपल्या वाट्याला हेच यायचं होतं. तुझ्या हातून दोनदा पेन्सिल गळून पडली आणि तू ओ की ठो बोलला नाहीस. वहिनीला ती टेबलाखाली सापडली म्हणून कळलं. डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलंय, गोळ्या घ्यायच्याच, पण तुझ्या बाबतीत नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. वाट साफ करावी लागेल. नाही केली तर पुढच्या वेळी पडेल ती पेन्सिल नसेल. तुझ्या दम्यामुळे त्यांना पूर्ण भूल द्यायची नाहीये. मान बधिर करायची, माणूस जागा ठेवायचा आणि त्याने बोलत राहायचं. झालं, तुझं घोडं तिथे पेंड खातंय. तू वहिनीला म्हणालास, "मरायला भीत नाही मी. पण परक्या माणसांसमोर एवढा वेळ बोलू काय?" ऐकून मला आधी हसू आलं. मग फोन ठेवला आणि चांगली रडले.

तू बोलत नाहीस हे जगजाहीर आहे. आपल्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आणि ऐकण्याचं तुझ्याकडे, अशी वाटणीच झालेली. तुझ्या लग्नात फोटोवाला 'हसा, हसा' म्हणून दमला, आणि तू त्याच्याशी बोललास ते इतकंच, की त्याच्या पेटीवर त्याच्याच गावाचं नाव चुकीचं रंगवलंय. (त्या दिवशी तुझ्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते. फोटो कमरेपर्यंतचा काढला म्हणून वाचलास.) आपण सायकलच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत राहायचो तेव्हापासून तू असाच. बाबा तुझं प्रगतिपुस्तक उघडायचे, गणितात तू नेहमीसारखा काठावर पास झालेला असायचास, बाबा बोलायचे, आई बोलायची, आणि तू आपला खिडकीशी मूग गिळून उभा. शाळेच्या नाटकात तुला झाडाचं काम दिलं होतं, आणि तेवढ्यातही तू चुकीच्या वेळी हललास. सायकल मला तू शिकवलीस हे खरं, पण पहिल्यांदा पडलास तूच आणि रडलासही तूच. मी तुला उठवून घरी आणलं. आता लगेच पेन्सिल शोधू नकोस, दादा. मला जसं आठवतं तसं मी लिहिणार. तुझ्यासारखं डोळ्यात तेल घालून दुसऱ्याचं लिखाण तपासायचं काम मी कधी केलेलं नाही.

त्या सकाळी काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत कळलंय, आता नीट सांगते. एसटी स्टँडवरची माझी घोषणा करायची खोली तू पाहिली आहेस. फलाटांच्या वर काचेचा खोका, आणि त्याला लोखंडी जिना, आपल्या घराचा घड्याळजीच्या दुकानाशेजारी होता तसाच दणदण वाजणारा. पंख्याची घरघर माइकमधून ऐकू जाते, म्हणून बोलायच्या आधी पंखा बंद करायचा आणि बोलून झालं की चालू करायचा. डावा हात पंख्यावर, उजवा माइकच्या बटणावर. इतक्या वर्षांत हात आपोआप चालतात. त्या दिवशी सकाळच्या गर्दीत मी बटण दाबलं. गाडी कुठली, फलाट कुठला, सगळं डोक्यात लख्ख होतं. तोंडातून निघालं, 'प्रवाशांनी कृपया पलंगावर यावे.' मी सुधारायला गेले तर पुन्हा पलंग. तिसऱ्यांदा पलंगसुद्धा नीट निघेना. खाली लोक हसायला लागले. उजवा हात बटणावरून घसरला आणि मांडीवर नुसता पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आमचे साहेब धावत वर आले. चहा मागवला, तो येईपर्यंत हात परत माझा झाला, जीभही परत माझी झाली, आणि मी पुढची घोषणा बिनचूक केली. साहेबांना वाटलं, बाईंनी आज लोकांची गंमत केली.

तुला खरं सांगते, मेंदूबिंदू काही डोक्यात आलं नाही. मला वाटलं, माझं लहानपणीचं अडखळणं परत आलं. आईबाबा गेले, आणि बाकी साऱ्या जगाने मला बडबडीच पाहिलंय. मला एक वाक्य सरळ बोलता येत नव्हतं, हे आता फक्त तुला आणि मला आठवतं. जिचा आवाज ऐकून माणसं आपापल्या गाडीत बसतात, ती बाई तिथे काचेच्या खोक्यात बसून दर घोषणेआधी 'फलाट, फलाट' पुटपुटून बघत होती. घाबरून मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले. ती घाबरगुंडी कामी आली म्हणायची.

अडखळणं नव्हतं ते. मानेतल्या डाव्या मोठ्या वाहिनीत आतून थर चढून वाट बोळाएवढी झाली होती, आणि बोलणं आणि उजवा हात सांभाळणारा मेंदूचा भाग तिच्याच पुढे. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी एक डॉक्टर माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली. भूल देण्याचं आणि ऑपरेशनभर माझ्याशी बोलण्याचं काम तिचं. मी तिचं नाव भूलवाली ठेवलं, तिच्या तोंडावरच. तिने मला मेंदूचं सगळं बाडबिस्तर उलगडून सांगितलं. म्हणाली, मेंदू हा मोठा हावरा अवयव. साठवून काही ठेवत नाही, ताजं रक्त त्याला सतत पाहिजे आणि बेताचंच पाहिजे. कमी पडलं तर पेशी मरतात, फार झालं तर सूज येते, रक्तस्राव होतो. आपण तर दिवसभर त्याची परीक्षा बघत असतो. झोपेतून ताडकन उठतो, जिना चढतो, शिंकतो, कुणावर तरी खेकसतो, आणि दर वेळी रक्ताचा दाब वरखाली होतो. तरीही मेंदूत पोचणारं रक्त जवळजवळ तेवढंच राहतं. त्याच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. दाब वाढला की त्या आपण होऊन आवळतात, दाब उतरला की सैल होऊन रुंद होतात. त्यांना कुणी हुकूम सोडत नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दाब अगदीच घसरला किंवा भलताच चढला तर मात्र त्यांचंही काही चालत नाही.

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला काहीच कसं कळलं नाही? ती म्हणाली, त्यांनी कळू दिलं नाही. मागची वाट अरुंद होत गेली तसतशा पुढच्या बारीक वाहिन्या रुंद होत गेल्या आणि मेंदूला कमी पडू दिलं नाही. वर्षानुवर्षं त्या सताड उघड्या राहिल्या. शेवटी आणखी रुंद व्हायला जागाच उरली नाही. त्या सकाळी एखादा कण सुटून पुढे गेला असेल किंवा दाब जरा उतरला असेल. काहीही झालं असलं तरी सांभाळून घ्यायला शिल्लक काही नव्हतं. दादा, मेंदूबद्दलचं हे सगळं मी भूलवालीला वाचून दाखवलंय, तिने मान डोलावली आहे. तेव्हा इथे तुझी पेन्सिल चालायची नाही.

मग तिने मला जागं ठेवून बोलायला लावण्याचं कारण सांगितलं. मेंदूच्या तळाशी चार मोठ्या वाहिन्या येऊन एका कड्याला मिळतात. एक बंद पडली तर बाकीच्यांचं रक्त त्या कड्यातून फिरून तिच्या भागात जाऊ शकतं. पण प्रत्येकाचं कडं पुरं असतंच असं नाही. डावी वाट साफ करायची तर तिला तेवढा वेळ चिमटा लावून बंद करावं लागतं. उजवीकडून येणारं रक्त पुरतंय का, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे माणूस बोलतोय का. बोलणं थांबलं किंवा शब्द भलते यायला लागले, तर लगेच एक नळी बसवून रक्त पुढे पोचवतात. नळी बसवण्यातही धोका असतो, म्हणून उगाच बसवत नाहीत. मला म्हणाली, "तुम्ही फक्त बोलत राहा." दादा, शाळेत, सासरी, सिनेमाला, दवाखान्यात, सगळीकडे मला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं गेलंय. माझ्या बडबडीचा वैद्यकीय उपयोग कुणी काढेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही कानात कापूस घालून या.

दुसऱ्या दिवशी मान उजवीकडे वळवून मला निजवलं. सुया टोचल्या तेवढ्या दुखल्या, पुढे नुसतं ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं कळत होतं. तोंडावर हिरव्या कापडाचा आडोसा, त्याच्या आत माझं तोंड आणि भूलवालीचं तोंड, जवळजवळ नाकाला नाक. उजव्या हातात रबरी बदक दिलं होतं, ती म्हणेल तेव्हा दाबून वाजवायचं. पलीकडून मोठे डॉक्टर म्हणाले, चिमटा लावतोय. माझा दाब त्यांनी मुद्दाम थोडा चढा ठेवला होता, उजवीकडून रक्त जोराने फिरून यावं म्हणून. मी सुरू केलं. सकाळची पहिली गाडी, फलाट, मधले थांबे, मग दुसरी, तिसरी, अगदी स्टँडवरच्या आवाजात. मोठे डॉक्टर म्हणाले, माझी गाडी कुठली? मी म्हटलं, तुमची सुटली, तुम्ही हातातलं काम करा. बदक वाजत होतं. एकही पलंग निघाला नाही. सगळ्या गाड्या सोडून झाल्या तरी माझ्या अंगात जोर होता, आणि भूलवालीने हसत विचारलं, "एवढं बोलायला शिकवलं कुणी तुम्हाला?"

मी सांगायला लागले. मला लहानपणी पहिल्या अक्षरावरच अडायला व्हायचं. बाबा मायेने माझं वाक्य पुरं करून टाकायचे. आई तोंड फिरवून डोळे पुसायची. वर्गात बाई माझ्यावरून पुढे जाऊन पलीकडच्या मुलीला विचारायच्या. माझा दादा तेव्हा नुकताच छापखान्यात प्रुफं तपासायला लागला होता. एक दिवस तो कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, मूळ प्रत वाचून दाखवणारा आमचा माणूस रजेवर गेलाय, तू वाचून दाखवलं नाहीस तर माझी नोकरी जाईल. त्या कामाची रीतच अशी, की एकाने मूळ प्रत चिन्हांसकट मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. म्हणजे, 'नदी डोंगरात उगम पावते स्वल्पविराम वळणं घेत मैदानात उतरते स्वल्पविराम आणि समुद्राला मिळते पूर्णविराम.' मी 'नदी'वरच अडायचे. दादा पेन्सिल धरून बसून राहायचा. शब्द पुरा करायचा नाही, मान वर करायचा नाही, घाई करायचा नाही. दर थोड्या शब्दांनी तो स्वल्पविराम यायचा, आणि तो म्हटला की मला श्वास घ्यायला जागा मिळायची. चिन्हांवर मी कधीच अडखळले नाही. एक चिन्ह ते दुसरं चिन्ह, तिथून तिसरं, अशी मी पानं ओलांडायला लागले, मग पुस्तकं. त्या माणसाची रजा काही संपली नाही. माझी शाळा संपली तरी तो बापडा रजेवरच होता.

हे मी भूलवालीला सांगत होते, आणि पुढचं वाक्य तोंडाशी आलं. आदल्या संध्याकाळी वहिनी मला भेटायला आली होती. माझा हात हातात घेऊन बसली आणि म्हणाली, एक गोष्ट सांगून टाकते, उद्याचं कुणी पाहिलंय. छापखान्यात असा कुणी रजेवर गेलेला माणूस नव्हताच. ती प्रुफं तर केव्हाच तपासून झालेली असायची, पुस्तकं छापून दुकानात गेलेली असायची. रद्दीत टाकलेले कागद तू उचलून घरी आणायचास. लग्न नवं असताना तू तिला हे एकदाच सांगितलंस, आणि पुन्हा कधी नाही. त्या संध्याकाळी ते मला नुसतं ऐकू आलं होतं. कापडाच्या आडोशात ते मला दिसलं. दिवसभर बारीक अक्षरांवर डोळे फोडून आलेला तू, आणि ज्या कागदात शोधायला एकही चूक उरलेली नाही त्यावर पेन्सिल धरून, मान खाली घालून, माझ्या 'न'ची वाट बघत बसलेला तू. तिथे माझा आवाज बंद झाला.

भूलवाली म्हणाली, बोला. मी बोलले नाही. म्हणाली, बदक दाबा. माझं लक्षच नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "नळी द्या." ताटातलं काहीतरी वाजलं. मला सांगायचं होतं, थांबा, मी इथेच आहे, पण आधी श्वास हवा होता. श्वास हवा असला की माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं. मी स्पष्ट म्हणाले, "स्वल्पविराम." भूलवालीच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, सर, शब्द भलते येतायत. तिचं तरी काय चुकलं? ऑपरेशनच्या टेबलावर कुठलं शहाणं माणूस स्वल्पविराम म्हणतं? पण दादा, मेंदूला रक्त पुरत होतं. सगळं मला ऐकू येत होतं, कळत होतं. मी ते बदक असं दाबलं, असं दाबलं, की खोलीभर त्याची क्वॅकक्वॅक झाली. म्हटलं, "रडतेय हो मी. डोकं जागेवर आहे. श्वास घेत होते, आता पुढे ऐका." आधी एक सिस्टर हसली, मग सगळेच. मोठे डॉक्टर म्हणाले, हसवू नका, माझा हात हलेल. नळी परत ताटात गेली. मी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, भूलवालीने डोळे पुसले, आणि चिमटा काढेपर्यंत मी एकदाही थांबले नाही. माझं कडं पुरं निघालं, दादा. उजवीकडच्यांनी डावीकडचीला उपाशी राहू दिलं नाही.

नंतरचे थोडे दिवस सांभाळून काढावे लागतात, तेही ऐकून ठेव. वर्षानुवर्षं ताणून रुंद राहिलेल्या त्या बारीक वाहिन्यांपुढे एकाएकी रक्ताचा पूर आला. आता आवळायचं असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. म्हणून माझा दाब उलट खाली धरून ठेवला, सारखा मोजत होते, आणि डोकं दुखलं तर लगेच सांगायचं अशी ताकीद होती. दुखलं थोडं, सांगितलं, त्यांनी औषध वाढवलं. भूलवाली म्हणाली, त्यांना थोडा वेळ द्या, येईल त्यांना परत. आलं. पडल्यापडल्या मी पहिला विचार तुझा केला. तूही असाच. घरात कुणाचं काय कमी पडतंय ते बघून गुपचूप स्वतःला ताणायचं आणि ते कुणाला कळूही द्यायचं नाही. दादा, बस झालं आता. तुझं ताणायचं संपलंय, तुझ्या मानेत ते डॉक्टरांना दिसलंय.

सोमवारी मी कामावर परत गेले. जिना चढले, पंखा बंद केला, बटण दाबलं. आवाज खणखणीत लागला, 'फलाट'सुद्धा. गाडी, ठिकाण, फलाट, सगळं सांगून झालं आणि खाली एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने. मग आवारातल्या सगळ्या गाड्या बोंबलायला लागल्या, प्रवासी कानांवर हात ठेवून वर बघायला लागले, आणि आमचे साहेब, जे गाडीला हॉर्न वाजवला म्हणून दंड करतात, ते खाली उभे राहून हात हलवत होते. मी काचेला नाक लावून रडले आणि त्याच दमात पुढची गाडीही लावली. आयुष्यात इतकं जिंकल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता कारण. तुला बोलता येत नाही, हे साफ खोटं आहे. तुला चूक सहन होत नाही, आणि चूक समोर आली की तू परक्याशीही बोलतोस, मरणाच्या दारातही बोलशील. हे पत्र मी मुद्दाम चुका करत लिहिलंय. आपलं घर मी एकदा सायकलच्या दुकानावर ठेवलं आणि एकदा घड्याळजीच्या शेजारी. खाली छत्र्यांचं दुकान होतं हे मला चांगलं आठवतं. तू गणितात काठावर पास झालास की नाही, नाटकात कोण होतास, सायकलवरून कोण पडलं, मोजे कुठल्या रंगाचे होते, सगळं माहीत असून बिघडवलंय. या पत्राची एक प्रत भूलवालीकडे आहे, तुझ्याही ऑपरेशनला तीच असणार. तुझी मंगळवारची तारीख मी रद्द करू दिलेली नाही. कापडाच्या आडोशात ती तुला एकेक वाक्य वाचून दाखवेल आणि तू दुरुस्त करायचंस, जितकं चिडून करशील तितकं बरं. तू हे आज वाचलंयस म्हणून बिघडत नाही. एकदा दुरुस्त करून तुझं समाधान झाल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. फक्त एक जपायचं. ती रद्दीतल्या प्रुफांवर येईल, ते मी जसं झालं तसंच लिहिलंय, अक्षरही इकडचं तिकडे केलेलं नाही. मी आजवर जेव्हा जेव्हा तुझे उपकार बोलून दाखवायला गेले, तेव्हा तू 'काहीतरीच' म्हणून उठून गेलास. मंगळवारी उठता यायचं नाही. आणि गप्प राहिलास तर ती माणसं घाबरतील, नळी मागवतील. म्हणून ती जेव्हा वाचेल, की दादाने मला बोलायला शिकवलं, तेव्हा दुरुस्त करायला काही शोधू नकोस. तेवढ्या एका ठिकाणी, दादा, नुसतं 'हो' म्हण.

तुझीच,
टकळी